निशाणाला ओवाळणारं गाव

डोंगरापल्याड, वारा जिथं मुक्कामाला येतो, तिथं एक गाव होतं. गावाच्या डोक्यावर रान. माघ सरला की रान पिवळं पडायचं, आणि दुपारच्याला त्यातून असा सुस्कारा निघायचा, जणू कुणी म्हातारं झोपेत बोलतंय.

रानाच्या खालच्या अंगाला एका बाईचं मोहाचं झाड होतं, सासूनं लावलेलं. पहाटे त्याची फुलं टपटप पडायची, चांदण्या पिकून गळाव्यात तशी. बाकीची माणसं फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायची. ही मात्र झाडायची. "आळशाला विस्तव, कामसूला केरसुणी," म्हणायची. तोंडाची फटकळ, पण वाऱ्याची जाण तिला. नाकानं हुंगून सांगायची, उद्या कोरडा वारा सुटणार. आणि सुटायचाच.

दर साली वणवा लागे. शेवटी राजानं मनावर घेतलं. टेकडीवर मनोरा बांधला, वारा मोजायला दरबारातले जाणते बसवले आणि निशाण सांभाळायला ह्या बाईला नेमलं. गावात दवंडी पिटली, "लाल निशाण चढलं की वणव्याची भीती! चूल सोडून कुठं विस्तव करायचा नाही. रान आणि गाव यांच्यामधला पट्टा झाडून साफ ठेवायचा!" बाईला वेगळा हुकूम, "दिवस मावळेपर्यंत निशाण उतरवायचं नाही. उतरवलंस तर शिक्षा."

पहिल्या साली पाच वेळा निशाण चढलं. धाक नवा होता, लोकांनी पट्टा झाडला. एकदाही वणवा आला नाही.

मग काय विचारता! कुणीतरी मनोऱ्याच्या पायाला कुंकू लावलं. दुसऱ्यानं नारळ फोडला. तिसरीनं नवस बोलला. दुसऱ्या सालापर्यंत निशाणाचा देव झाला, आणि केरसुण्या कोपऱ्यात गेल्या.

"पाटील, पट्टा झाडायचा राहिलाय. गुडघाभर पाचोळा साचलाय."

"अगं, निशाण आहे ना वर! जागृत आहे ते. गेल्या साली एक ठिणगी पडू दिली नाही त्यानं."

"त्यानं नाही, तुम्ही झाडलं म्हणून!"

"तुझ्या तोंडाला कोण लागणार, बाई," असं म्हणून पाटील हसले. गावही हसलं.

फाल्गुनातली एक दुपार. जाणत्यांनी वारा मोजला, बाईनं हुंगला, दोघांचं एकच निघालं. निशाण चढलं. ते आभाळात असं डुलू लागलं, की बघणाऱ्याच्या डोळ्यांवर गुंगी यावी. खाली सगळं गाव जमलं. हातात ताट, ताटात कापूर.

"विझवा तो कापूर!" बाई वरून ओरडली.

"ओवाळताना ओरडू नये, मावशे!"

वाऱ्याची एक झुळूक आली. जळता कापूर ताटातून उडाला आणि वाळल्या गवतात जाऊन पडला. गवतानं नुसता श्वास घेतला, आणि रान पेटलं.

तरी माणसं हात जोडून उभीच! "निशाण बघून घेईल," म्हणाली.

बाईला हुकूम आठवला. शिक्षाही आठवली. तिनं दोरी सोडली, निशाण खाली ओढलं, कमरेला गुंडाळलं आणि धडाधड पायऱ्या उतरली.

"निशाण उतरलं! आता आमचं कोण?"

"तुम्हीच! केरसुण्या घ्या, फांद्या मोडा, चला!"

मग मात्र गाव धावलं. पाटील धापा टाकत म्हणाले, "मोहाच्या वरून झाडू. तुझं झाड वाचेल."

बाईनं एकदा झाडाकडे पाहिलं. मग आगीकडे पाहिलं. "वर लांबवर झाडावं लागेल. पुरं व्हायचं नाही. खालून घ्या, ओढ्यापासून खडकापर्यंत."

बैलगाडीच्या रुंदीचा पट्टा झाडून होतो न होतो तोच आग आली. मोहावर चढली. फुलं जळाल्याचा गोड वास गावभर पसरला. पट्ट्यापाशी येऊन आग थबकली, इकडे तिकडे चाचपडली, आणि खायला काही सापडेना तेव्हा दमून बसली. गाव वाचलं. बाई काळ्या बुंध्याकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी राजा आला. "निशाण का उतरवलंस?"

"महाराज, सांगायचं काम निशाणानं केलं होतं. ऐकायचं काम माणसांचं. ती त्यालाच ओवाळत बसली. मग कशाला ठेवायचं वर? द्या शिक्षा."

राजानं शिक्षा माफ केली. मग त्यानं नवा हुकूम काढला: निशाण चढलं की नगारा वाजेल, आणि नगारा वाजला की घरटी एक केरसुणी पट्ट्यावर. पहिली केरसुणी राजानं स्वतः धरली.

"कोपरा राहिला, महाराज," बाई म्हणाली.

पुढच्या साली मोहाच्या जळक्या बुंध्याला एक फांदी फुटली. बरीच सालं गेली, आणि एका पहाटे तिच्यावरून एकच फूल पडलं. टप्प. बाईनं खालची जागा आधीच झाडून ठेवली होती.

तात्पर्य: धोक्याचा निरोप आणणाऱ्याला पुजू नये, त्याचं ऐकून कामाला लागावं. वणवा ओवाळून टळत नाही, झाडून टळतो.