पहारेची भोके

ही गोष्ट फार जुनी आहे. एका गावातल्या तुरीवर अळी पडली, तेव्हा राजधानीतून अळीचे औषध आले. पाण्यात कालवून शिंपडले की अळ्या वळवळून गळून पडत. पण गावाला औषधापेक्षा ते ज्यात येई त्या चरवीचेच अप्रूप. मातीच्या मडक्यांच्या गावात कल्हई केलेली पितळी चरवी! औषध संपले की ती राखेने घासून फडताळात मांडायची, ही तिथली रीतच झाली.

त्या गावात एक विधवा राहत होती. तिच्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न निघाले. वऱ्हाडाला चरव्यांतून मठ्ठा वाढायचा, म्हणून भावाने घरोघरच्या चरव्या मागून आणल्या. बहिणीची तेवढी यायची होती.

लग्नाच्या सकाळी तिने त्याच चरवीतून शेळीला पाणी पाजले. लुगडे बदलून बाहेर येते तो शेळी पाय झाडत होती, तोंडाला फेस होता. शेतात अळ्या अशाच वळवळत. बघता बघता शेळी थंड झाली.

तिने चरवी उचलली, दाराआडची पहार घेतली आणि मांडव गाठला. चरव्यांत मठ्ठा भरून झाला होता.

"अरे, हा मठ्ठा वाढू नकोस. या चरवीतलं पाणी पिऊन माझी शेळी गेली."

"अक्का, हळू बोल," भाऊ म्हणाला. "शेळी काहीबाही चरते. व्याही बघताहेत."

भावजय फणकारली, "वन्सं, घासघासून हात सोलले माझे! आता पाहुण्यांना काय द्रोणातून मठ्ठा पाजू?"

"द्रोणही शेळीनं खाल्ले असतील!" कुणीतरी म्हणाले. मांडवात हशा पिकला.

समोर मुंडावळ्या बांधून भाची बसली होती. हिला तिने कडेवर खेळवले होते.

"घासून मळ जातो रे. अळीला ज्यानं मारलं, ते माणसाला थंडावा देईल का?"

तिने पहिली चरवी उलटी केली.

"चालती हो!" भाऊ ओरडला. "आजपासून तुझं माझं नातं संपलं!"

"संपू दे," ती म्हणाली आणि दुसरी उलटी केली. मग तिसरी. शेवटची सांडेपर्यंत ती थांबली नाही.

वऱ्हाडाने मठ्ठ्याऐवजी पाणी पिऊन जेवण उरकले. ती मांडवाबाहेर उन्हात बसून राहिली. तिच्याकडे कुणी फिरकले नाही.

उन्हे कलली, तेव्हा सांडलेला मठ्ठा चाटणारा कुत्रा मांडवाच्या दारातच तडफडून मेला.

भाऊ बाहेर आला. मग त्याने तिच्या हातातली पहार घेतली.

"अक्का, राहिलं काय आता?"

"भोकं पाडायची राहिलीत. नाहीतर उद्या पुन्हा कुणीतरी घासून घेईल."

भावाने पहिले भोक आपल्याच चरवीला पाडले.

तेव्हापासून त्या गावात औषध संपले की चरवी घरी येत नाही. शेतातच तिला भोक पाडतात, विहिरीपासून लांब पुरतात, आणि हात-पाय धुतल्याखेरीज कुणी भाकरीला शिवत नाही.

तात्पर्य : विषाचे भांडे कितीही घासले तरी ते अन्नाचे होत नाही, चारचौघांत हसे झाले तरी ते फोडावेच.