खालच्या शिवाराची दवंडी

फार फार पूर्वी, रस्त्यांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका सपाट गवताळ मुलखात एक राज्य होतं. मुलांनो, ही गोष्ट तुम्ही ऐकाच. पण मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त कान देऊन ऐका, कारण हिच्यातला अन्याय मोठ्या माणसांनी केलेला आहे.

त्या राज्यात दोन शिवारं होती. वरच्या शिवाराची माती तांबूस आणि भुसभुशीत. पाऊस पडला की पाणी झिरपून जायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी औत धरता यायचं. खालचं शिवार काळंभोर. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गवत उगवलं होतं, तिथेच कुजलं होतं, त्यामुळे माती लोण्यासारखी दिसे. त्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे होते, काही हरभऱ्याएवढे, काही बोराएवढे. उन्हाळ्यात जमिनीला अशा भेगा पडत की कोपरापर्यंत हात आत जाई. पावसाळा लागला की माती फुगायची, भेगा मिटायच्या, आणि मग पाण्याला खाली उतरायला वाटच उरायची नाही. महिना महिना ते तिथेच बसून राहायचं. अशा जमिनीला तिथले लोक चिबड म्हणत.

खालच्या शिवारात सोळा घरं होती. त्यातलं एक चंदराचं. नवरा वारल्यापासून ती एकटीच शेत बघत होती. दावणीला कोशा नावाचा एक बैल होता. दुसरा बैल शेजारच्या गोंदामामाचा. दोघांचं मिळून एक औत चालायचं.

चंदराला आपली जमीन माहीत होती. पावसाळ्यात तिच्यात काही पेरायचं नाही, हे तिला सासूने शिकवलं होतं. पावसाळ्यात चर राखायचे. शेताच्या उताराला धरून कंबरभर खोल चर, शेवटी ओढ्याला मिळणारे. त्यात गाळ साचला, गवत अडकलं, की पाणी तुंबायचं. म्हणून चारही महिने ती गुडघाभर चिखलात उभी राहून फावड्याने चर उपसत असे. ओल्या काळ्या मातीचं एक फावडं उचलायला जो जोर लागतो, तो ज्याने उचललं त्यालाच ठाऊक. पाऊस सरला, पाणी ओसरलं, की ती मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळायची आणि जमिनीवर टाकायची. लाडू चिकटून राहिला तर अजून थांबायचं. फुटला तर वाफसा आला, आता पेरायचं. मग हरभरा आणि करडई. आणि काय पीक यायचं! घाटे टच्च भरलेले, करडईची बोंडं मुठीत मावत नसत.

एका उन्हाळ्यात राजाचा भूमिपारखी घोड्यावरून फिरत आला. राज्यातली कोणती जमीन काय पिकवते हे ठरवायचं काम राजाने त्याला दिलं होतं. तो खूप शिकलेला होता. घोड्यावरून उतरून त्याने एक ढेकूळ उचललं, फोडलं, बोटांवर चोळलं.

"एवढी काळी माती!" तो म्हणाला. "राज्यात अशी दुसरीकडे नाही. आणि मी ऐकतो की पावसाळ्यात तुम्ही इथे पेरतच नाही?"

"पेरून उपयोग नाही बुवा," चंदरा म्हणाली. "पाणी उभं राहतं."

"वरच्या शिवारातले लोक मृगात पेरतात. ते काय वेडे आहेत?"

"त्यांची माती वेगळी आहे."

"त्यांची माती तुमच्यापेक्षा हलकी आहे. तरी ते कष्ट करतात." त्याने चरांकडे बोट दाखवलं. "आणि हे काय? सोन्यासारख्या जमिनीत खड्डे! एवढ्या जागेत किती धान्य पिकलं असतं!"

"ते खड्डे नाहीत. ते बुजवलेत तर शेत बुडेल. पाऊस लागला की या एकदा. एकच दिवस या आणि स्वतः बघा."

पारखी हसला. "पावसात माती बघायला मला बोलावतेस? मी राज्यभरची जमीन पाहिली आहे, बाई."

महिन्याभरात हुकूम आला. चर बुजवावेत. मृगात ज्वारी पेरावी. हुकमाबरोबर शिपाईही आले. सोळा घरांतल्या लोकांनी आजे-पणजांनी खणलेले चर आपल्याच हातांनी बुजवले. गोंदामामा फावडं टाकून बांधावर बसला आणि म्हणाला, "चंदरे, माझ्या बापाने हा चर खणला तेव्हा मी त्याला भाकर आणून द्यायचो गं." शिपायाने त्याला उठवून पुन्हा फावडं हातात दिलं.

मृगाचा पाऊस झाला. माती चिखल झाली होती, तरी पेरणीचा दिवस ठरलेला होता. औतं जुंपावी लागली. फाळाला माती थापून थापून तो मुसळासारखा झाला. ओल्या मातीत चाललेल्या औताने जमीन दबली, घट्ट झाली, वर चकाकी आली. तिसऱ्या तासाला, म्हणजे औताच्या तिसऱ्या ओळीला, कोशाचा पुढचा पाय रुतला. तो वळायला गेला आणि पाय मोडला. चंदराने त्याच्या मानेवरचं जू काढलं आणि चिखलातच त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बैल दुसऱ्या दिवशी गेला.

ज्वारी उगवली, वीतभर झाली आणि पिवळी पडली. पाणी तुंबलं आणि मातीत चुनखडी असली की मुळांचं जेवण बंद होतं, पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेत बुडेल हे चंदराने आधीच सांगितलं होतं. श्रावण संपता संपता शेतं कुजून त्यांचा वास सुटला.

पारखीने वरच्या शिवाराच्या उंचवट्यावरून ते पाहिलं आणि राजाला लिहून कळवलं: जमीन उत्तम आहे, माणसं आळशी आहेत. हुकूम पाळायचा नाही म्हणून त्यांनी मुद्दाम वाईट पेरणी केली.

मग चौकात, पाणवठ्यावर, वरच्या शिवारातल्या प्रत्येक वाडीत दवंडी पिटली गेली. खालच्या शिवारातली सोळा घरं आळशी आणि हुकूम मोडणारी ठरली आहेत हो! दसऱ्यापर्यंत त्यांनी घरं रिकामी करावीत! त्यांची जमीन कष्टाळू माणसांना दिली जाईल हो!

गोंदामामा दवंडी ऐकून दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो लांब मुलीच्या गावी निघून गेला. "वय झालं, पोरी," तो चंदराला म्हणाला. "आळशी म्हणवून घेऊन या वाटेवरून चालवत नाही."

ती वाट संपेपर्यंत चंदरा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला आणि राजाच्या गावाचा रस्ता धरला. दोन दिवस पावसात चालली. अंगावर शेतातलंच लुगडं, पायांना चिखल. दरबाराच्या दारावर शिपायाने अडवलं तेव्हा ती म्हणाली, "मला आत सोड. नाहीतर मी इथूनच ओरडते, आणि माझा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला जातो."

राजाने तिला आत बोलावलं. राजा वाईट नव्हता. पण त्याला लिहिलेलं वाचायची सवय होती आणि बघायची सवय नव्हती.

"काय तक्रार आहे?" त्याने विचारलं.

"महाराज, तुम्ही मला आळशी म्हणालात."

"मी? मी तर तुला आज पहिल्यांदा बघतो आहे."

"तेच म्हणते मी!" चंदराचा आवाज चढला. "पहिल्यांदा बघता आहात, पण दवंडी आधीच पिटून झाली! माझे हात बघा. चार महिने पाण्यात राहून बोटांमध्ये भेगा पडतात, त्या आळसाने पडल्या का? आमचे चर आमच्या हातांनी बुजवायला लावलेत. ओल्यात औत घालायला लावलंत. माझा बैल त्या चिखलात मेला. पीक कुजलं, ते तुमच्या हुकमाने कुजलं. आणि नाव कुणाचं खराब झालं? आमचं! सत्तर वर्षांचा म्हातारा लाजेने गाव सोडून गेला. चोरी कुणाची, दवंडी कुणाची!"

पारखी पुढे झाला. "महाराज, ही अडाणी बाई आहे. काळी माती सर्वांत सकस, हे कुणीही सांगेल."

"सकस आहेच!" चंदरा त्याच्याकडे वळली. "आमची माती वाईट आहे असं मी कधी म्हटलं? तिचं पाणी काढून द्या, ती तुमच्या सगळ्या राज्याला जेवू घालील. पण तुम्ही तिला विचारलंत कधी? घोड्यावरून आलात, उन्हाळ्यात आलात, एक ढेकूळ चोळलंत आणि गेलात. पावसाळ्यात बोलावलं तर हसलात."

ती पुन्हा राजाकडे वळली. "महाराज, पाऊस अजून आहे. पारखीबुवांनी माझ्या शेतात या बांधापासून त्या बांधापर्यंत एक तास औत हाकावं. फक्त एक. मग मला घालवून द्या."

राजाने होकाराची मान हलवली.

चौथ्या दिवशी राजा लवाजम्यासह खालच्या शिवारात आला. झिमझिम चालू होती. राजाच्या गोठ्यातले दोन धिप्पाड बैल औताला जुंपले. पारखीने औताच्या मुठीला, रुमण्याला, हात घातला. दहा पावलं औत गेलं असेल नसेल, फाळ मातीत थिजल्यासारखा बसला. पारखीने चाबूक उगारला. बैलांनी जोर केला आणि दोघेही गुडघ्यांवर आले. त्याने आणखी एक फटका मारला.

"मारू नका त्यांना!" चंदरा शेतात धावली. तिने कमरेचा विळा काढून बैलांच्या गळ्यातली जुवाची दोरी, जोतं, कापलं आणि बैलांना मोकळं केलं. पारखी मांडीपर्यंत रुतला होता. त्याला बाहेर काढायला दोन शिपाई लागले. त्याचा एक जोडा आतच राहिला. कुणी हसलं नाही. सोळा घरांतली माणसं बांधावर उभी होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

राजा बांधावरून उतरला. त्याने वाकून मूठभर माती उचलली. ती हाताला चिकटली, तिच्यात चुनखडीचे खडे होते, बोटांमधून पाणी गळत होतं. शेजारी कुजलेल्या ज्वारीचं ताट होतं. ते त्याने उपटलं. मुळं काळी आणि बुळबुळीत होऊन हातात आली.

"हे तू आधी सांगितलं होतंस?" त्याने चंदराला विचारलं.

"उन्हाळ्यातच सांगितलं होतं."

राजा पारखीकडे वळला. "सांगितलं होतं का हिने?"

पारखी खाली बघत म्हणाला, "होय महाराज."

"मग लिहिलं का नाहीस?"

राजाने तिथेच हुकूम फिरवला. चर पुन्हा खणायला राजाचे दोनशे शिपाई लागले, तेच शिपाई ज्यांनी ते बुजवून घेतले होते. ओढ्याकडचा शेवटचा बांध फोडला तेव्हा तुंबलेलं पाणी चार दिवस वाहत होतं. पारखीचं पद गेलं. तिन्ही ऋतू जमिनीवर काढल्याशिवाय कुणी तिच्याबद्दल एक ओळही लिहायची नाही, असा नियम झाला.

"आणखी काय देऊ?" राजाने विचारलं.

"बैल द्या," चंदरा म्हणाली. "आणि दवंडी परत घ्या. जिथे जिथे पिटली, तिथे तिथे. चूक तुमची होती असं म्हणायला लावा. नुसतं 'हुकूम रद्द' नको."

राजाचा चेहरा क्षणभर लाल झाला. पण दवंडी फिरली, तिने सांगितल्या शब्दांत.

लोक राजाचं कौतुक करू लागले. चूक कबूल करणारा राजा, केवढा थोर! चंदराच्या कानावर ते आलं तेव्हा तिच्या डोक्यात संतापाची तिडीक उठली. कारण ओल्यात दबलेली जमीन एका हुकमाने सुटी होत नाही. त्या वर्षी हरभरा उगवलाच नाही, ढेकळं दगडासारखी झाली होती. दुसऱ्या वर्षी अर्धं पीक आलं. तिसऱ्या वर्षी कुठे मातीचा लाडू पूर्वीसारखा फुटला. आणि गोंदामामाला आणायला तिने पहिल्याच हिवाळ्यात माणूस पाठवला, तेव्हा कळलं की तो लेकीच्या ओसरीवर महिन्याभरापूर्वीच वारला होता. दुसरी दवंडी त्या गावापर्यंत पोचलीच नव्हती. तो गेला तो आळशी ठरवलेला माणूस म्हणूनच गेला.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं मनात धरा: ज्याने कुणाच्या मातीत एक पावसाळा काढला नाही, त्याला तिथल्या माणसाच्या कष्टांवर निवाडा द्यायचा अधिकार नाही.