कातरून आलेली भुरी

देव स्वतःच मेंढरं राखायचा, तेव्हाची गोष्ट. त्याला सोडून पळालेली भुरी मेंढी ऐन थंडीत मेंढवाड्याच्या दाराशी परतली. परक्यांनी तिची सगळी लोकर कातरून नेली होती. गारठ्याने ती मरायला टेकली होती.

"कुठल्या तोंडाने आलीस गं?" म्हातारा एडका खेकसला. म्हाताऱ्यांची भक्ती ही अशी, दार अडवण्यापुरती. "आम्ही वर्षानुवर्षं लोकर दिली. तू काय देणार?"

"काहीच नाही, बाबा."

देवाने तिला उचलून आत घेतलं आणि अंगावरची घोंगडी तिच्यावर पांघरली.

"मालक, ती घोंगडी माझ्या लोकरीची आहे!" एडका ओरडला.

"आणि तुझ्या अंगावर लोकर कुणी उगवली रे?"

भुरी देवाचे पाय चाटत राहिली. दुसरं काही तिच्याकडे नव्हतंच.