टिंबूच्या पोटाची सुट्टी

जिथं फुलपाखरांनासुद्धा कुठं बसावं ते कळेनासं होई एवढी फुलं होती, अशा एका बागेच्या कोपऱ्यात तानीचं पत्र्याचं घर होतं. फुलं बागवाल्यांची, पाणी विहिरीचं. तानीच्या आईचे होते ते फक्त दोन हात. ते दिवसभर झाडांना पाणी घालत, तेव्हा कुठं संध्याकाळी तव्यावर भाकरी पडे. भात सणासुदीला. आणि गोडधोड, शेजारीपाजारी काही कार्य निघालं तर.

पण तानीकडे टिंबू होता. कुत्र्याचं पिल्लू, कापसाच्या बोंडासारखं पांढरंशुभ्र, गुलाबी गुलाबी जीभ, आणि कपाळावर कुणी बोट टेकवावं तसं एक काळं टिंब.

काल समोरच्या मंजुळाकाकूंकडे नातवाचं बारसं झालं. बाळ सगळा वेळ झोपून राहिलं, म्हणून लोकांनी कौतुक केलं ते टिंबूचं. "माझ्या हातचा एक घास!" "आणि माझ्या हातचा नको होय रे, लबाडा?" पुरी झाली, जिलबी झाली, भजी झाली. तानीनं तर कमालच केली. वर्षातून दोनदा मिळणारी बासुंदीची वाटी. तिनं नुसतं बोट बुडवून चाटलं आणि बाकी सगळी टिंबूपुढे ठेवली.

आज सकाळी टिंबूचं पोट ढोलकीसारखं फुगलं होतं. दोनदा उलटी, चारदा पातळ शी. बिचारा पाणी घटाघटा प्यायला, तेही बाहेर आलं.

'मीच दिलं. माझ्याच हातानं,' असं म्हणत तानी त्याला ओच्यात घेऊन जास्वंदीखाली बसली आणि मुसमुसू लागली. टिंबू गेला तर? तिला पुढचा विचारच करवेना.

तेवढ्यात वरची केशरी कळी हलली. एक पाकळी उलगडली, दुसरी उलगडली, आणि आतून बोटभर उंचीची परी पराग झटकत बाहेर आली. गोकर्णीच्या निळ्या पाकळीचा परकर, पंखांवर दवाचे चिमुकले चिमुकले मणी. ते असे चमचमत होते की तानी रडायचीच विसरली.

"आधी मला त्याला बघू दे," परी म्हणाली. तिनं टिंबूच्या पापण्या उचलल्या, हिरड्यांवर इवलासा हात टेकवला. "डोळे टवटवीत आहेत. रक्त कुठं पडलं नाही ना? नाही? बरं झालं. नाहीतर म्हटलं असतं, परीबिरी सोड, आत्ताच्या आत्ता गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळ. तर तानी, तुला तीन इच्छा."

"टिंबू बरा होऊ दे!"

"मुठीत मावेल असं माग गं. बरं होणं मुठीत मावत नाही, ते हळूहळू येतं. आणि नियम ऐक. उद्या ही जास्वंद पुन्हा उमलेपर्यंत मी देईन त्याखेरीज याच्या तोंडात काहीही जाता कामा नये. कुणाचा एक थेंबसुद्धा गेला, की जादू विरली."

तानीनं विचार केला. "मग थोडंसं पाणी दे. अगदी थोडं, बाहेर न येणारं."

परीनं एक निळसर शिंपला दिला. त्यात एकच घोट मावे, आणि टिंबूनं तो चाटून संपवला की पुन्हा भरायला बराच वेळ लागे. शिंपला आळशी नव्हता, शहाणा होता. दुपारपर्यंत एकही घोट बाहेर आला नाही. मग टिंबूनं मान वर करून हळूच 'कुंई' केलं.

"भूक लागली त्याला! परीताई, मूठभर तांदूळ देशील?"

तांदूळ आले, चांदण्यांच्या चुऱ्यासारखे. आईनं त्यांचा मऊमऊ गुरगुट्या भात केला, पाणीदार, बिनमिठाचा. परीनं बजावलं, "एका वेळी चमचाभर. मग थांबायचं. त्यानं कितीही लाडीगोडी लावली तरी."

भात निवत होता तोच मंजुळाकाकू आल्या. हातात म्हशीच्या कोमट दुधाचं भांडं, मागं त्यांची धाकटी, नवी सून सुगंधा, पदर सावरत.

"कुठंय माझा राजा? हे घे, हळद-साखर घातलीय."

तानी घुटमळली. याच काकू रोज तानीच्या घरी ताक द्यायच्या. त्यांना नको कसं म्हणायचं?

"काकू... नको."

"नको? माझ्या हातचं नको?" काकूंचा चेहरा पडला. "मोठी शहाणी झालीस गं!"

"अहो आई," सुगंधा जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "काल मलाही सातवी पुरी नकोच होती."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. सात वेळा."

काकू खुदकन हसल्या. तानीनं त्यांचा हात धरला. "काकू, आज टिंबूच्या पोटाला सुट्टी आहे. पण तुमच्या हाताला नाही. त्याच्या पाठीवरून फिरवाल?"

काकू फतकल मारून बसल्या. त्यांचा जाडसर, ऊबदार हात फिरू लागला तसा टिंबू गाढ झोपला. दूध सुगंधानं पिऊन टाकलं. या वेळी तिला हवं होतं.

संध्याकाळी टिंबूनं थांबत थांबत चमचा चमचा भात खाल्ला, आणि तो पोटात राहिला. दुसऱ्या दिवशी सोनेरी सकाळी जास्वंद उमलली. टिंबू उठला, डुलतडुलत कुंपणाशी गेला, तीन गिरक्या घेतल्या आणि केली! छोटीशी, घट्ट, नीटनेटकी शी. आई, काकू, सुगंधा, सगळ्या भोवती जमल्या आणि डोळे भरून बघत राहिल्या. बागेत हजारो फुलं होती, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

"आता शेवटची इच्छा," परी पाकळीवर बसून म्हणाली.

तानीनं सगळ्यांकडे पाहिलं. "मला यांना काहीतरी द्यायचंय. आभार मानायला."

परी पाकळीवरून उठून उभी राहिली. "इतकी वर्षं इच्छा पुरवतेय मी," ती म्हणाली, "पण असं कुणी मागितलं नव्हतं." तिनं तानीच्या ओंजळीत मोगऱ्याच्या चार कळ्या टाकल्या. "आणि हे न मागता. तुमच्या डब्यातले तांदूळ कधी संपायचे नाहीत. कितीही काढा, मूठभर मागं राहतील."

तानीनं एक कळी काकूंना दिली, एक सुगंधाला, एक आईला. शेवटची परीपुढे धरली. परीनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली मात्र, तिच्या पंखांवरचा मणी न् मणी पेटला, केशरी, निळा, सोनसळी, आणि त्या लख्ख उजेडात ती दिसेनाशी झाली.

टिंबूनं त्या उजेडाकडे पाहिलं, शेपटी हलवली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच भुंकला.