पाचवं घर

"मग या दोन्हींतलं कुठलं घेऊ, महाराज?"

हिरापुरी महाराज मठाच्या ओट्यावर बसून दातण करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुबोध दातीरने मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. पडद्यावर दोन क्रेडिट कार्डांची चित्रं होती. एक काळं, एक निळं.

"काळं घेतलं तर पॉइंट मिळतात. पॉइंट साठले की विमानाचं तिकीट फुकट. पण ते परदेशात घासलं की बँक दर वेळी वरून साडेतीन टक्के कापते आणि त्यावर पुन्हा कर. निळं घेतलं तर ती कापाकापी नाही. पण निळं पॉइंट देत नाही. म्हणजे जाणं फुकट करायचं की तिथला खर्च वाचवायचा, एवढाच प्रश्न आहे."

"दोन्ही घे."

"दोन्हींची वर्षाची फी पडते."

"मग एकही घेऊ नकोस."

"मग जाऊ कसा?"

महाराजांनी चूळ भरली आणि लांब थुंकली.

"विमानानं."

सुबोध हसला नाही. त्याला कालपासून हसू येत नव्हतं. आदल्या संध्याकाळी तो नाशिकहून गिरणेकाठच्या या मठात आला होता. बायको म्हणाली होती, "घरभर येरझाऱ्या घालून फरश्या झिजवण्यापेक्षा एकदा महाराजांकडे जाऊन या." रात्रभर त्याने इथेही तेच केले. मठात रेंज नव्हती, तरी दर थोड्या वेळाने उठून तो अंगणात मोबाइल उंच धरून फिरत होता.

माणूस हुशार होता. कारखान्यात खरेदीखात्याचा साहेब. पहिल्या सांगितलेल्या भावाला त्याने आयुष्यात कधी वस्तू घेतली नव्हती आणि ही गोष्ट तो दुसऱ्याने विचारायच्या आत सांगत असे.

"कॉलनीतले सगळे मलाच विचारतात," तो म्हणाला. "कुठलं कार्ड घ्यायचं, कुठलं बंद करायचं. माझ्या सल्ल्यानं तीन कुटुंबं सिंगापूर बघून आली, तीही फुकटात."

"आणि तू?"

"मी... अजून निघालो नाही."

महाराजांनी दातणाची काडी चिरून जीभ घासली. घाई त्यांच्या अंगात नव्हती. सुबोधला ती घासणी संपेपर्यंत थांबणे जड गेले.

"तिकडचे डाव लोकांना कळत नाहीत, महाराज. दुकानातलं यंत्र गोड बोलून विचारतं, तुमच्या रुपयांत घेऊ की इथल्या पैशांत? माणूस खूश होतो. वा, आपले रुपये! आणि तिथंच बुडतो. रुपयांचा भाव तेच लावतात ना. शहाणा माणूस डोळे मिटून सांगतो, तुमच्याच पैशांत घ्या."

"हं... कुणाकडे जायचंय?"

"बहिणीकडे. मस्कतला. ती मुलाजवळ असते. जिजी म्हणतो मी तिला." सुबोधने मोबाइल खिशात घातला, पुन्हा काढला. "आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. जिजीनं शाळा सोडली आणि मला कडेवर घेतलं. आता तिची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. दिवसाआड यंत्राला लावतात. भाचा म्हणतो, मामा, आता फार थांबू नका."

"ती कधीपासून बोलावते?"

"दिवाळीपासून. म्हणजे मागच्या. पण तेव्हा पॉइंट थोडे कमी पडत होते. मग बँकेनं नियम बदलले. मग निळं कार्ड आलं बाजारात..." त्याचा आवाज चढला. "मी काही हातावर हात ठेवून बसलो नाही! चाकाची खुर्ची पाठवली. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून हवेची गादी पाठवली. इथल्याच साइटवरून मागवली, म्हणजे परदेशी चार्ज नाही. वर पॉइंट मिळाले."

महाराजांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले.

"बहिणीनं कशात मागितलं होतं?"

"कशात म्हणजे? ती पैसे मागत नाही, महाराज."

महाराजांनी दातणाची काडी अंगणात फेकली.

नदीपलीकडे कुणीतरी बैलांना हाकारत होते. सुबोध उठला, बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "दर रविवारी फोनवर मला शिव्या घालायची. मेल्या, चिकट्या, सख्ख्या बहिणीचं तोंड बघायलाही तुला सवलत हवी का! मी हसायचो. गेल्या रविवारी शिवी दिली नाही. म्हणाली, तुझ्या सवडीनं ये रे बाळा... तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. व्हिसा तयार आहे, पासपोर्टसकट भरलेली बॅग बरोबरच आहे. काळ्या कार्डाची ऑफर आज संपते. तुम्ही एक नाव सांगा, मी सुटतो."

"भूक लागली का?"

"अं?"

"इथं चूल नाही. पाहुणा भिक्षा आणतो, ती सगळे खातात." महाराजांनी खुंटीवरची भगवी झोळी काढून त्याच्या खांद्यावर अडकवली. इस्त्रीच्या शर्टावर ती विचित्र दिसत होती. "गावात पिंपळापासून मारुतीपर्यंत घरांची एक ओळ आहे. पाच दारं. क्रमानं जायचं. उभं राहून नमो नारायण म्हणायचं. घातलं तर घ्यायचं. नाही घातलं तर तेही एक घर धरायचं आणि पुढं सरकायचं. सहावं दार नाही."

"काही मिळालं नाही तरी ते घर मोजायचं?"

"धरायचं."

"हा सरळ तोट्याचा नियम झाला, महाराज."

"जा."

*

सुबोध गावात गेला, पण पिंपळाशी गेला नाही. आधी चहाच्या टपरीवर बसला. ज्या बाजारात उतरायचे त्याची चौकशी करायची, ही त्याची रीत.

टपरीवाला बोलका होता. "पहिलं घर भाकरी घालतं, दादा, ताजी. दुसऱ्याकडं वांगं. तिसरं-चौथं बरं आहे. पाचवं मारुतीजवळचं, ठकूआजीचं. तिकडं फिरकू नका. शिव्यांशिवाय काही पडायचं नाही. त्यापेक्षा मागच्या आळीत पाटलांकडं जा. आज पुरण आहे."

सुबोधने हिशेब तिथेच केला. पाचवे घर वगळायचे, पाटलांचे धरायचे. घरे पाचच राहतात. नियमही राहतो, पुरणही मिळते.

चार घरे नीट झाली. मग मारुतीच्या पारावर मोबाइलला रेंज आली आणि तो थांबला. काळ्या कार्डाची आठवण करून देणारा बँकेचा मेसेज आला होता. आज शेवटचा दिवस. तो वाचत असताना समोरच्या उंबऱ्यावरून हाक आली.

"ए! झोळीवाल्या!"

एक वाळलेली म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे त्याच्यावरच होते.

सुबोधने मोबाइल कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हते. "हो, हो, बोला," असे म्हणत तो मागच्या आळीत वळला.

*

झोळी जड झाली होती. सुबोधने एकेक पदार्थ केळीच्या पानावर मांडला. भाकरी, वांगं, ठेचा, आणि पाटलांच्या तूप सोडलेल्या पोळ्या.

"तुमच्याकडे रोज एवढं येत नसेल," तो म्हणाला.

"कुठलं दार सोडलंस?"

सुबोध दचकला. "एकच. शेवटचं. तिथं काही मिळत नाही म्हणाले. त्याच्या बदली..."

"पुरण आमच्या ओळीत कुणाकडं नसतं आज." महाराज उठले. त्यांनी पानाला हात लावला नाही. कोनाड्यातला नारळाचा कटोरा घेतला, काठी घेतली आणि चालू लागले.

"महाराज, जेवण गार होईल!"

"तिचंही होतंय."

हे सुबोधला कळले नाही. तो मागे धावला. उन्हात वाट तापली होती. महाराज म्हातारे असूनही झपझप चालत होते आणि सुबोधला आपली पावले उगाच मोठी वाजतात असे वाटत होते.

ठकूआजी अजून उंबऱ्यावरच होती. महाराज दारासमोर उभे राहिले, कटोरा पुढे धरला, मान खाली घातली.

"नमो नारायण."

"आलास होय मुडद्या! ऊन डोक्यावर आलं, आता सुचतंय तुला? आणि त्या पँटवाल्याला कशाला धाडलंस? माझ्या दारासमोर फोन कुरवाळत उभा राहिला आणि हाक मारली तर ढेंगा टाकत पळाला. मी काय वाघीण आहे? खाल्लं असतं का त्याला?"

"चुकलं, आजी."

"चुकलं म्हणे! दाढी पिकली तुझी, अक्कल पिकायची राहिली. देवाधर्माची माणसं तुम्ही, वेळेवर एका दारात उभं राहायचं, तेवढंही होईना तुमच्यानं?"

तिने दम घेतला. महाराज हलले नाहीत. ती पुन्हा सुरू झाली. महाराजांच्या फाटक्या कफनीवरून मठाच्या गळक्या छपरावर गेली, तिथून सरपंचावर, सरपंचावरून स्वतःच्या मुलावर.

"तो बसलाय सुरतेला! महिन्याच्या महिन्याला पैसे धाडतो. गावात मिरवतो, आईला काही कमी नाही. आता मी काय पैशाला शिव्या घालू? पैशाला कान असतात?"

सुबोध पाराच्या सावलीत उभा होता. त्याचा हात खिशातल्या मोबाइलवर होता. तो हात तसाच राहिला.

म्हातारीची नजर तिकडे गेली.

"हा तोच ना?"

"तोच," महाराज म्हणाले.

"पुढं ये रे. बोलणी लांबून खायची नसतात."

सुबोध पुढे आला. अगदी उंबऱ्यापाशी. त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने ते जोडले.

"मेल्या!" ठकूआजी म्हणाली. "एवढा घोडा झालास, पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला भितोस? दोन शब्द ऐकले तर काय झिजशील? तुझ्या घरी कुणी बोलत नाही का तुला? लाज नाही, शरम नाही, नुसता गुळगुळीत दिसतोस..."

ती बोलत राहिली. सुबोधने मान वर केली नाही. त्याचे कान तापले. 'मेल्या' हा शब्द त्याने गेल्या रविवारी ऐकायला हवा होता...

बऱ्याच वेळाने म्हातारी थांबली. तिने पदराने तोंड पुसले. तिचा चेहरा निवळला होता.

"जा आता. उद्या वेळेवर या."

भिंतीला धरून ती उठली आणि आत गेली. दार अर्धे लोटले. आतून ताटावरचे झाकण बाजूला सरकवल्याचा आवाज आला, आणि मग पाट ओढल्याचा.

"ती... अजून जेवली नव्हती?" सुबोधने विचारले.

महाराजांनी रिकामा कटोरा कपाळाला लावला आणि काखेत धरला.

पाराशी आल्यावर सुबोधचा मोबाइल वाजला. ऑफरची पुन्हा आठवण. सुबोधने ती पुसून टाकली. रेंज जाईल म्हणून तो पाराला चिकटून उभा राहिला आणि मस्कतचे विमान शोधू लागला. उद्या पहाटेच्या विमानात जागा होती. भाव पाहून त्याचा अंगठा सवयीने थबकला. आठवड्याने हेच तिकीट निम्म्यात मिळत होते. त्याने महाराजांकडे पाहिले. महाराज पारावर चढणाऱ्या मुंग्या पाहत होते.

सुबोधने जुने कार्ड काढले. ना काळे, ना निळे. सगळी कापाकापी असलेले. पहिल्या सांगितलेल्या भावाला त्याने तिकीट घेतले.

दोघे मठात परतले. गार झालेली भाकरी दोघांनी खाल्ली. पाटलांच्या पोळ्यांना कुणी हात लावला नाही. त्या महाराजांनी कुत्र्याला घातल्या.

बॅग उचलून सुबोध ओट्याखाली उभा राहिला. गाडी मठापुढेच होती. मुंबई गाठायची होती. तरी पाय निघेना.

"जिजी खूप बोलेल मला," तो म्हणाला. त्याने हसायचा प्रयत्न केला.

महाराज झोळी झटकून खुंटीला अडकवत होते.

"महाराज..."

"बोल."

"मी दारात जाऊन उभा राहिलो... आणि ती काही बोललीच नाही, तर?"

झोळी खुंटीवर हलत राहिली. महाराजांनी ती हाताने धरून थांबवली.

"तेही एक घर धर."