साळी आळीचा कोरडा हौद

परत मलाच पुढं केलंत. गावात शिकलेली माणसं काय कमी आहेत? पण पाहुणे आले की म्हाताऱ्याला उठवा. बरं, सांगतो. मध्ये फोटो काढायचे नाहीत.

हा समोरचा हौद बघा. दगड शाबूत, कुठं चीर नाही. तरी पाणी ठरत नाही. संध्याकाळी भरा, सकाळी तळ कोरडा.

पूर्वी नदीकाठी मोठी पाठशाळा होती, असं सांगतात. सरदारांची, सावकारांची पोरं तिथं शिकायला. शिकत किती होती देव जाणे, पण रंगपंचमीला त्यांना आमचीच आळी लागायची. रुंद आहे ना! इथंच चुली मांडायच्या, कढयांत पळसाची फुलं उकळायची, आणि पाणी या हौदातलं. सगळ्या आळीचं पिण्याचं पाणी.

एका वर्षी म्हणे चिमा साळीण त्यांना आडवी गेली. तिचा नवरा पायानं अधू, दिवसभर घरात मागावर बसलेला.

"दादांनो, चुली तरी लांब मांडा. माझं छप्पर गवताचं आहे."

"कोतवालाचा हुकूम आहे, मावशी. शिक्का दाखवू?"

"शिक्क्यानं ठिणगी विझते का रे?"

पोरं हसली. दुपारी वारा सुटला आणि ठिणगी छपरावर गेली. चिमा हंडा घेऊन हौदाकडं धावली, तर तळाशी नुसता गाळ. कढयांतला रंगही एकमेकांवर उडवून संपलेला. नदीवरून पाणी येईपर्यंत घर बसलं. नवरा आत राहिला.

चावडीवर निवाडा झाला. हुकूम रीतसर होता, पोरांचा दोष नाही, असं कोतवाल म्हणाला. आणि हौद साफ करायचा खर्च? तो साळ्यांच्या माथी मारला. हौद त्यांच्या आळीत ना!

चिमा रडली नाही म्हणतात. रिकामा हंडा तिनं हौदात भिरकावला. "या हौदात आता थेंब ठरायचा नाही. रंग खेळायचाय? नदीवरून पाणी वाहा, आधी आमच्या दारातले हंडे भरा, मग खेळा." पोरं भ्याली. पुढं किती तरी पिढ्या पाठशाळेच्या पोरांनी हंडे भरले.

आजही रंगपंचमीला आळीत दारोदार हंडा असतो. भरतो मात्र आम्हीच. कॉलेजची पोरं येतात हजारांनी, भिंतीएवढे डीजे घेऊन. पोलिसांची परवानगी खांबावर चिकटवलेली, म्हणजे सगळं कायदेशीर. बंदोबस्त, फुटलेले दिवे, दुसऱ्या दिवशीची झाडलोट, हे नगरपालिका करते. कुणाच्या घरपट्टीतून? आमच्या.

यंदा त्यांच्या म्होरक्यानं माझ्या दारातला भरला हंडा उचलला आणि मित्राच्या डोक्यावर ओतला. मी काठी उगारली तर म्हणतो, "चिल आजोबा, परमिशन आहे." कागद मी खांबावरून वाचून घेतला, अक्षर अक्षर लावून. खाली अर्जदार म्हणून त्याचीच सही आहे. माफी मागायला अजून फिरकलेला नाही, तो विक्रांत अहिरराव.