अर्जांच्या नकला

त्या राज्यात प्रत्येक वस्तीला एक बाग होती. हत्तीरस्त्याकडेच्या वस्तीलाही होती; फक्त ती अजून फलकावर होती. उघड्या माळावर दोन खांब, त्यांवर ‘नियोजित बाग’ एवढी अक्षरे आणि खाली फलकाची सावली. वस्तीतली पिल्ले त्या सावलीत खेळत. उन्हे कलली की सावली सरकत हत्तीरस्त्यावर जाई आणि तिच्यामागोमाग पिल्लेही जात.

अशाच एका संध्याकाळी चिटकी खारीच्या धाकट्याची अर्धी शेपूट हत्तीच्या पायाखाली राहिली. हत्ती भला होता. पायाला काहीतरी लागल्यासारखे वाटले होते, असे त्याने नंतर कबूल केले. चिटकीने त्या रात्री तिन्ही पिल्लांना कुशीत घेऊन ठरवले, की आता फलकावरची बाग खाली उतरवायची.

त्या राज्यात अर्ज पानावर लिहीत, आणि सही म्हणून आपल्या खाण्यातले एक बी ओल्या मातीने चिकटवून वर पंजा उमटवीत. चिटकी घरोघर हिंडली आणि वस्तीत लग्नघराची धांदल उडाली. पोपटाने मिरचीचे बी आणले, साळुंकीने वडाचे. कावळा सगळेच खात असल्यामुळे आपल्याला चार सह्यांचा अधिकार आहे, असे त्याने सांगितले आणि तो बजावलाही. चिटकीने पेरूचे बी लावले. मग वाजतगाजत सगळे बागखात्यात गेले.

खात्याचे प्रमुख रेडेसाहेब डुंबायला गेले होते. ते डबक्यातून निथळत कचेरीत येत आणि मागच्या अंगणात प्रलंबित अर्जांच्या ढिगावर बसत. राज्यात त्यांना साजेशी दुसरी बैठक नव्हती. कारकून कासव होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. अर्ज साहेबांच्या खाली आहे, असे ते दर खेपेला सांगत, आणि ते अक्षरशः खरे होते. वस्ती दर पौर्णिमेला स्मरणपत्र देऊ लागली. प्रत्येकावर पुन्हा सगळ्यांच्या बिया, पुन्हा कावळ्याच्या चार.

आठव्या पौर्णिमेला उत्तर आले. नियमानुसार निधी झाडे असलेल्या जागेलाच देता येतो. सदर जागी झाडे नसल्याची खात्री करण्यासाठी भाऊसाहेब समक्ष येतील.

वस्ती खवळली आणि तशीच कचेरीवर धडकली. पुढे कोणी नव्हते, म्हणून सगळे मागच्या अंगणात शिरले आणि जागीच थबकले. साहेब डुंबायला गेले होते आणि त्यांच्या ओल्या अंगाखाली, त्यांच्या उबेने, ढीग उगवला होता. मिरची लाल झाली होती, वडाला पाने फुटली होती. चिटकी एका पेरूच्या रोपापाशी धावली. बुंध्याशी कुजक्या पानाचा तुकडा होता आणि त्यावर तिचाच पंजा.

“अगं बाई, ही तर माझी सही,” ती म्हणाली.

एकच गलका उठला. जो तो आपापले रोप शोधू लागला. कावळ्याला आठ चोक बत्तीस सापडली आणि पहिल्यांदाच त्याला कोणी नावे ठेवली नाहीत.

भाऊसाहेब पाहणीला निघण्याच्या तयारीत होते. ते घाईघाईने म्हणजे बऱ्याच वेळाने आले. ही सरकारी दप्तरातली कागदपत्रे आहेत, मूळ प्रत बाहेर नेता येणार नाही, असे त्यांनी बजावले. वस्तीची तोंडे उतरली. चिटकीने मात्र धाकट्याच्या शेपटीकडे पाहिले आणि मऊ आवाजात विचारले, “भाऊसाहेब, अर्जदाराला अर्जाची नक्कल मिळते ना?”

भाऊसाहेबांनी मान आत घेतली, नियम आठवले आणि मान बाहेर काढली. “नक्कल द्यावीच लागते, बाई. मागितली तर.”

“मग मागितली.”

प्रत्येकाचे एक रोप दप्तरात ठेवून बाकीची सारी नक्कल म्हणून सुटली. चोचीत, पंजात, पाठीवर रोपे घेऊन वस्ती गात निघाली. हत्तीरस्त्यावर अख्खे जंगल चालत येताना पाहून हत्ती कडेला उभे राहिले.

भाऊसाहेबही त्याच दिवशी निघाले. ते माळावर पोहोचले तेव्हा दोन पौर्णिमा उलटल्या होत्या. ऊन मी म्हणत होते. टेकायला जागा शोधत ते एका रोपाखाली शिरले. रोप लहान होते, पण कासवाला पुरून उरले. आजूबाजूला पिल्ले पकडापकडी खेळत होती. भाऊसाहेबांनी पाहणीचा कागद पसरला. पुढे गडबड नको, म्हणून तो त्यांनी कचेरीतच भरून आणला होता. ‘झाडे : नाहीत.’

तेवढ्यात वारा आला आणि कागद उडाला. अर्ध्या शेपटीच्या पिल्लाने झेप घेऊन तो दाबून धरला. मोठी मंडळी कागदावर काय करतात, हे त्याने आईजवळ बसून बरेचदा पाहिले होते. पिल्लू नीट बसले, त्याने ‘नाहीत’ वर ओल्या मातीचा गोळा ठेवला, गालातून पेरूचे एक बी काढून त्यात रोवले आणि वर पंजा उमटवला.

भाऊसाहेबांनी कागदाकडे पाहिले, वर पानांकडे पाहिले आणि त्या बियेला जागा व्हावी म्हणून ते थोडे बाजूला सरकले.